पाव उणं

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि पाऊण तास राहतं. गल्ली चढाची आहे. चढावरच्या शेवटच्या घरात एक मावशी एकट्या राहायच्या. त्या मूळच्या पिशोरच्या, पूर्वी शाळेत सेविका होत्या. गल्लीत पाणी ओढायची मोटार नसलेलं घर त्यांचंच. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून भांडं लावून बसावं लागायचं.

पाणी कधी सुटणार ते आईला फोनवर कळायचं. ती गल्लीच्या ग्रुपवर टाकायची. मावशींकडे साधा फोन होता, म्हणून त्यांना सांगायला मी जायचे. मला माणसांशी बोलणं जमत नाही, म्हणून आईनं मुद्दाम ते काम मला दिलं होतं. मला ते आवडायचं. मावशी भाजी धुतलेल्या पाण्यात फडकं बुडवून ओटा पुसत असायच्या, उरलेलं पाणी फाटकाबाहेरच्या कढीपत्त्याला घालायच्या. मी बोलले नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आईचा ऑफिसातून फोन आला. "आज पावणेसहाला पाणी आहे. मावशींना सांग."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सव्वा आणि पावणे यांत मी लहानपणापासून अडखळते, आणि या वयात विचारायची लाज वाटते. मी मावशींना सांगितलं, सहा वाजून पंधरा मिनिटांनी.

"मग तवर दवाखान्यात जाऊन येते," त्या म्हणाल्या. पायाच्या जखमेची पट्टी बदलायची होती.

पावणेसहाला खालच्या घरांतल्या मोटारी सुरू झाल्या. मी धावत वर गेले, तर फाटकाला कुलूप. मावशी लंगडत आल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. दोन कळश्या भरल्या आणि नळ सूं सूं करायला लागला.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. "काय मावशी, पाण्याच्या दिवशी फिरायला जाता व्हय? ग्रुपवर तर पावणेसहा होतं. हिनं सांगितलं नाय का?"

मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "सांगितलं की. माझंच ध्यान नव्हतं."

मी भरलेली कळशी उचलून आत नेली.

प्रत्येक घरानं एकेक हंडा दिला. "पुढच्या वेळी गळ्यात घड्याळ बांधा," काकू म्हणाल्या. सगळे हसले, मावशीही हसल्या. पण पाचव्या दिवसापर्यंत हंड्याची कळशी झाली, मग तांब्या. कुणी वाईट नव्हतं, ज्याच्या त्याच्या टाकीचा तळ दिसायला लागला होता. मी आमच्याकडची अर्धी बादली घेऊन गेले, तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "बेटा, पावणे म्हणजे पाव उणं. सहाला पाव उणं. आता ध्यानात राहील."

इतकी वर्षं तो शब्द ऐकत होते, त्यात उणं आहे हे कधी दिसलंच नव्हतं. 'सॉरी' मी सहज म्हटलं असतं. मला 'माझं चुकलं' म्हणायचं होतं, आणि ते तोंडातून निघालं नाही. मी नुसतं "हो" म्हटलं.

सातव्या दिवशी त्यांचा भाऊ भेटायला आला. बहीण हातात तांब्या घेऊन काकूंच्या दारातून निघत होती.

"लोकांच्या दारी पाणी मागती, अन् मला कळवत नाय?"

"मागत नाय रे, देतात ते."

"सामान भर."

त्याच संध्याकाळी तो त्यांना पिशोरला घेऊन गेला. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "कढीपत्त्याला भांडी धुतलेलं पाणी चालतं बरं."

नंतर गल्लीची बैठक झाली. पहिला पाव तास कुणी मोटार लावायची नाही, असं काकूंनीच सुचवलं. तिथं मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी वेळ मी चुकीची सांगितली होती. मावशींची चूक नव्हती."

"जाऊ दे गं," काकू म्हणाल्या. "आता काय त्याचं." आणि मोटारींचं बोलणं पुढे सुरू झालं.

नियम अजून पाळतात. पहिला पाव तास गल्ली शांत असते. आता वरपर्यंत चांगली धार जात असेल, असं सगळे म्हणतात. मी भांड्याचं पाणी घेऊन कढीपत्त्यापर्यंत जाते. नळ फाटकाच्या आत आहे आणि फाटकाला कुलूप आहे.