निळ्या डब्यातल्या दोन कॉइल

तुमच्या आजोबांना शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात का नेलं, हे मी तुम्हाला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. चांगल्या उपचारासाठी, एवढंच म्हटलं. तसं नव्हतं. त्यांना घरीच राहायचं होतं आणि मी ते कबूल केलं होतं. आमच्या गावची वीज गेली ती तिसऱ्या दिवसापर्यंत आली नाही, म्हणून न्यावं लागलं. ती आली नाही, त्यात माझाही हात आहे. क्रमाने लिहिते.

विजेच्या सामानाच्या स्टोअरमध्ये मी नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहे. तारा, फ्यूज, तेलाची पिंपं, सगळ्याची नोंद माझ्याकडे. इंग्रजी बरं म्हणून साहेबांची पत्रंही मीच लिहायचे. एका वर्षी वरून आदेश आला की जे सामान तीन वर्षांत एकदाही बाहेर गेलेलं नाही ते भंगारात काढा. अशी कामं मला आवडायची. आठ दिवसांत यादी तयार केली.

आमच्या लाइनमन लोकांची एक रीत होती. जुनं यंत्र मोडीत निघालं की त्यातला धड भाग ते टाकत नसत, स्टोअरच्या मागच्या मांडणीवर ठेवून द्यायचे. नोंद नाही, पावती नाही. त्या मांडणीचा मला राग यायचा, म्हणून पहिल्यांदा तीच रिकामी केली. तिथे एका निळ्या पत्र्याच्या डब्यात ब्रेकरच्या दोन कॉइल होत्या. ब्रेकर म्हणजे सबस्टेशनातलं मोठं बटण समजा. कुठे तार तुटली की ते आपोआप वीज तोडतं, आणि ते कॉइलमुळे.

आमच्याच गावचा एक लाइनमन होता. तो म्हणाला, "बाई, हे राहू द्या. ह्या ब्रेकरची कंपनीच बंद पडली. उद्या कुठून आणसान?"

मी विचारलं, या कधी वापरल्या होत्या का.

"नाही वापरल्या. म्हणून तर हायेत."

मी त्या यादीत लिहिल्या. यादीसोबतच्या माझ्या इंग्रजी टिपणाचं वरच्या कार्यालयात कौतुक झालं.

पुढे मी निवृत्त झाले. आजोबांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये, कापसाच्या धुळीत गेली होती. त्यांची फुप्फुसं थकली आणि तुमच्या बाबांनी पाठवलेलं ऑक्सिजनचं यंत्र समोरच्या खोलीत आलं. ते विजेवर चालायचं. वीज गेली तर इन्व्हर्टर काही तास चाले, आणि एक सिलिंडर भरलेला असायचा. मला वाटायचं, पुरेशी सोय आहे.

नवरात्रात एका सकाळी वीज गेली. दुपारी इन्व्हर्टर बसला. सिलिंडर लावला आणि सबस्टेशनला फोन केला. तिथली इंजिनीअर तरुण मुलगी आहे. तिने शांतपणे सांगितलं की ब्रेकरची कॉइल जळाली आहे. ब्रेकर हाताने चालू करता येईल, पण मग तार तुटून पडली तर वीज तोडणारं काही राहणार नाही, म्हणून ती तसं करणार नव्हती. मीही केलं नसतं. शेजारच्या लाइनवर शेतातल्या पंपांचा भार आधीच जास्त होता, त्यामुळे तिकडून वीज वळवता येईना. कॉइल आमच्या स्टोअरमध्ये नव्हती, नागपूरलाही नव्हती. दुसऱ्या राज्यात एकच माणूस ती बनवून देतो, आणि त्याला चार-पाच दिवस लागणार होते.

भरलेला सिलिंडर जवळच्या पांढरकवड्यात मिळाला नाही. तो यवतमाळहून येतो, आणि गाडी परवा येणार होती. मंडपवाल्यांचे जनरेटर सगळे देवीच्या मंडळांकडे गेले होते. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणाहून येत होती, आणि तिथून ती वेळेवर मिळत नव्हती.

संध्याकाळी तोच लाइनमन आला. आता तोही निवृत्त आहे. म्हणाला, "निळ्या डब्यात दोन होत्या."

"हो. मीच लिहिल्या होत्या."

त्याने चहा घेतला. जळालेली कॉइल घेऊन सकाळी पांढरकवड्याला मोटार भरणाऱ्याकडे जातो, म्हणाला. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो तो. त्या मोटारवाल्याने जुन्या तारेचे वेढे मोजून नवे भरले. इंजिनीअरने कॉइल तपासून पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली.

आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो होतो. सिलिंडर संपत आला होता. मी त्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइलमध्ये भरत होते. आजोबा गाडीत बसताना म्हणाले, "मलेही भंगारात लिवलं काय?"

ते हसत होते. मी म्हटलं, मास्क नीट धरा.

दवाखान्यात नवव्या दिवशी ते गेले. तिथे वीज एकदाही गेली नाही.

महिन्याने ती इंजिनीअर भेटायला आली. तिला यादीचं ठाऊक नव्हतं, मी सांगितलं. ती म्हणाली की यंदाही तशीच यादी मागवली आहे. आता तिच्या परवानगीने दर गुरुवारी मी आणि तो लाइनमन स्टोअरमध्ये जातो. वस्तू शेवटची कधी बाहेर गेली, हे लिहीत नाही. तिची गरज असलेलं यंत्र अजून कुठल्या सबस्टेशनात उभं आहे, ती कोण बनवतं, आणि तो बंद पडला तर दुसरं कोण, हे लिहितो. दुसरं कोणी नसेल तर दोन राखून ठेवायच्या. वरचे लोक हे मान्य करतील की नाही, माहीत नाही.

तुमच्या बाबांनी विचारलं, याने बरं वाटतं का. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. गुरुवार आला की जाते.

ऑक्सिजनचं यंत्र कळंबच्या एका बाईंना दिलं, त्यांच्या सासूबाईंसाठी. त्या न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, वीज गेली तर काय करणार. त्यांनी तो विचार केलाच नव्हता. मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. सिलिंडर कुठून, तिथे नसला तर कुठून, गाडी कोणाची, असं सगळं एका कागदावर लिहिलं. तासभर गेला. त्यानंतरच यंत्र त्यांच्या गाडीत ठेवायला दिलं.