मानांग तोमासा बेटं आखून देते

सान रोकेच्या धक्क्यावर, जंगली बदामाच्या झाडाखाली, तोमासाचं प्लास्टिकचं टेबल आहे. त्याचा एक पाय मोडलाय आणि तो सुतळीने बांधलाय. या टेबलामागे बसून ती बावीस वर्षं लोकांना बेटं आखून देते. कुठल्या दिवशी कुठलं बेट, कुठे जेवायचं, कुठे झोपायचं, किती वाजता बांका, म्हणजे होडी, हाकारायची. आणि या बावीस वर्षांत त्या लोकांपैकी एकाबद्दलही तिला कधी चांगलं वाटलेलं नाही.

लोक म्हणजे पाठीवर सॅक लादून येणारे. ती त्यांना कासवं म्हणते. "कासव निदान अंडी घालायला किनाऱ्यावर येतं," ती कुलासला सांगे, "ही कशाला येतात?" कुलास म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. बांका त्याची, टेबल तिचं, आणि बोलणं सगळं तिचंच. तो तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणे आणि नुसता दात काढून हसे.

कासवांकडे स्वतःचा प्लॅन असतोच. वारा कुठून वाहतो ते ठाऊक नाही, भरती कधी ते ठाऊक नाही, पण कागदावर मात्र लिहिलेलं, पहिल्या दिवशी तीन बेटं, दुसऱ्या दिवशी चार, सूर्यास्त साडेपाच ते सहा. "सूर्याला कळवलंय ना यांनी?" तोमासा कुलासला मोठ्याने विचारी. मग तो कागद लांब धरून, नाक मुरडत वाचून बाजूला ठेवी आणि आपला सांगे. सकाळी हे बेट, कारण दुपारी तिथे लाटा उठतात. तिथे राहू नका, डास आहेत. इथे राहा, म्हातारी भात बरा शिजवते.

प्रत्येकाला हवं असतं ते एकच: जिथे कुणीच जात नाही असं बेट. दिवसातून दहाजण तरी ते मागतात. तोमासा सगळ्यांना बकऱ्यांच्या बेटावर पाठवते. तिथे तिच्या मेव्हण्याच्या बकऱ्या चरतात. संध्याकाळी सगळे हरखून परत येतात आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याच बोकडाचा फोटो असतो.

ती स्वतः या बेटांवर आठव्या वर्षापासून जात होती. खोबरं वाळवायला, बापाबरोबर. प्रवाळावर तळपाय फाटायचे आणि जखमेत मीठ जायचं. त्याच वाळूवर आता एखादी बाई दोन्ही हात पसरून ओरडते, "स्वर्ग!" तोमासाला वाटतं, हिला एक दिवस उपाशी ठेवून इथे नारळ फोडायला लावावेत, मग बघू स्वर्ग. डोकं ठिकाणावर असलेला माणूस घर सोडून वाळूत झोपायला जाणार नाही, हे तिचं पक्कं मत होतं. पण एक मानलं पाहिजे. बावीस वर्षांत तिने आखून दिलेला एकही माणूस समुद्रात अडकला नाही.

तिची एकुलती एक लेक दिविना हाँगकाँगला. अकरा वर्षं एकाच घरी, तेविसाव्या मजल्यावर, दोन मुलं आणि एका म्हाताऱ्याचं सगळं करायला. गेल्या चार वर्षांत तिला येता आलं नव्हतं. या वर्षी ईस्टरला ती येणार होती, नऊ दिवसांसाठी. तोमासाने खोलीला रंग दिला. गादी आणली, पंखा आणला. रविवारसाठी डुक्कर सांगून ठेवलं. तिला बाकी काही नको होतं. लेक नऊ दिवस घरात, डोळ्यांसमोर हवी होती, बस.

गुरुवारी दुपारी व्हॅन थांबली आणि दिविना उतरली. पाठीवर जांभळी सॅक, डोक्यापेक्षा उंच. पट्टे छातीवर आवळलेले, बाजूला पाण्याची बाटली लटकलेली. तोमासाच्याच पोटी कासव जन्माला आलं होतं.

पाया पडणं, रडणं, भात खाणं झालं आणि दिविनाने सॅकच्या कप्प्यातून एक कागद काढला. रंगीत चौकटी, प्रत्येक चौकटीत एक दिवस. एकटीच जाणार होती. सात बेटं. पहिली रात्र, घर. आठवी रात्र, घर, आणि पुढे कंसात, कपडे धुणे.

तोमासाने तो कागद लांब धरला.

"हे कुणी आखून दिलं?"

"मीच, नानाय. रोज रात्री थोडंथोडं. दोन महिने."

"दोन महिने! आणि या बेटावरून त्या बेटावर दुपारी कशी जाणार? लाटा तोंडावर घेऊन?"

"इंटरनेटवर तसंच दिलंय."

"मग इंटरनेटलाच वल्हं मारायला सांग."

दिविना हसली. तोमासा हसली नाही. तिचं बोट शुक्रवारच्या चौकटीवर येऊन थांबलं. शुक्रवार, सकाळी सात, बांका.

गुड फ्रायडेला सान रोकेतून होडी निघत नाही. देव मेलेला असतो, बघणारं कुणी नसतं. त्या दिवशी लागलेलं भरत नाही आणि बुडालेला सापडत नाही. हातोडा मारायचा नाही, झाडू धरायचा नाही, कपडे धुवायचे नाहीत, तीन वाजल्यावर अंघोळसुद्धा नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. दिविनालाही ठाऊक होतं, पण दोन महिने चौकटी रंगवताना तिला नुसता वार दिसला.

परक्या देशातून आलेल्या प्रत्येक कासवाला तोमासा खडसावून सांगत आली होती, शुक्रवारी गप्प बसा. लेकीला मात्र ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी कुलासने विचारलं, "मानांग, सांगितलं नाहीस तिला?"

"तिच्या कागदात नाही लिहिलेलं. मी कोण सांगणारी?"

"हे काही बरं नाही हं."

"तू तुझं इंजिन बघ. नऊ दिवसांतला एक दिवस आईला मिळाला तर आभाळ कोसळणार नाही."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दिविना सॅक चढवून धक्क्यावर गेली. सगळ्या बांका दोरीला बांधलेल्या होत्या. कुलास पायरीवर हात जोडून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. ती परत आली.

"नानाय, आज गुड फ्रायडे आहे."

"हो का?"

"तुला माहीत होतं."

"मला कसं माहीत असणार? मी काय इंटरनेट आहे?"

तोमासा भांडणाची तयारी करून बसली होती. काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. अकरा वर्षांत लोकांचं घर आपलं झालं, आपलं घर धर्मशाळा झालं, वगैरे वगैरे. पण दिविना भांडली नाही. तिने सॅक कोपऱ्यात ठेवली, केस बांधले आणि झाडू उचलला.

"अगं, आज नाही झाडायचं!"

"हो, विसरले," असं म्हणून तिने झाडू ठेवला आणि फडकं घेतलं.

नऊ वाजेपर्यंत खिडक्या पुसून झाल्या. दहाला तिने पलंगाखालचं सगळं बाहेर काढून लावून ठेवलं. अकराला ती मोरीत तोमासाचे झगे घासत होती. शेजारीण कुंपणातून डोकावली आणि छातीवर क्रूस काढून आत पळाली. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस!" तोमासा ओरडली. दिविनाने पिळे तसेच बादलीत ठेवले, हात पुसले आणि विळी कुठे आहे ते विचारलं.

तोमासाने आदल्या दिवशीच बिनिगनित करून ठेवलं होतं. नारळाच्या दुधातली रताळी, सुरण, केळी, साबुदाणा. लहानपणी दिविना त्याची वाडगी चाटायची. आता तिने आईला वाढलं आणि स्वतः चुलीशी उभी राहिली.

"बस की."

"तुझं होऊ दे आधी."

तोमासाचं झाल्यावर तिने उभ्याउभ्याच चार घास खाल्ले आणि लगेच वाडगा विसळला. तोमासा चिडून बघत होती. ही लेक होती की काय होती? हिच्यासाठी आणलेल्या पंख्याचं बटणसुद्धा हिने दाबलं नव्हतं.

तीन वाजता चर्चमधला लाकडी खुळखुळा वाजला. या दिवशी घंटा वाजवत नाहीत. आळीतलं सगळं शांत झालं. दिविना बाकावर बसली, पण अगदी कडेला, पाठ न टेकता, दुसऱ्याच्या घरी कामाला आलेलं माणूस बसतं तशी. तोमासाला खोकला आला. एकदाच, सुकी उबळ. तिने मान वर केली तेव्हा दिविना पाण्याचा पेला घेऊन समोर उभी होती.

"पाणी कुणी मागितलं? बस खाली!"

"हो मॅडम."

दोघींनीही ते ऐकलं.

"आता मला तुला पगार द्यावा लागेल वाटतं," तोमासा म्हणाली. चार जणांत टाकावा तसा टोमणा होता तो, पण मध्येच तिचा आवाज फाटला.

दिविना आधी हसली. मग पेला तसाच हातात धरून खाली बसली, जमिनीवर.

"मला घरात बसताच येत नाही, नानाय. घरात असले की कान टवकारलेले असतात. कुणी उठलं, कुणी शिंकलं, कुणाचं दार वाजलं. रात्रीसुद्धा. रविवारी सकाळी सातला बाहेर पडायचं, रात्री नऊला परत यायचं. आम्ही सगळ्याजणी पुलाखाली पुठ्ठे टाकून बसतो. गाड्या जातात, लोक जातात, पण तिथे मला कुणी हाक मारत नाही. तिथे मला झोप लागते. तू आणलेल्या गादीवर काल रात्रभर मी जागीच होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आईचं घर सहन होत नाही म्हणून? तुझ्यापासून नाही पळत मी. छपराखाली नको वाटतं, एवढंच."

तोमासाने वर बघितलं. छप्पर लेकीच्या पैशाचं होतं, पत्रे पाच वर्षांपूर्वीचे, निळे. त्याचं तिने अख्ख्या गावाला कौतुक सांगितलं होतं. तिला लाज वाटली. नऊ दिवसांतला एक तिने चोरला होता आणि त्या दिवशी लेकीकडून खिडक्या पुसून घेतल्या होत्या. बावीस वर्षं जगातल्या मूर्खांना हसलेली बाई, पण स्वतःइतकं मूर्ख माणूस तिला धक्क्यावर कधी भेटलं नव्हतं. त्या क्षणी तिला स्वतःच्या तोंडात द्यावीशी वाटली.

"ऊठ," ती म्हणाली. "बाहेर चल."

परसात केळीमागे वाळू होती. तिथे तिने चटई टाकली. "पड इथे. मी हाक मारणार नाही. मेले तरी मारणार नाही." दिविनाने सवयीने चटईचा कोपरा सरळ केला, आडवी झाली आणि थोड्याच वेळात तिचं तोंड उघडं पडलं. अंधार पडेपर्यंत ती हलली नाही. तोमासा थोड्या अंतरावर खोकला दाबत बसून राहिली. मांडीवर रंगीत चौकटींचा कागद होता आणि हातात पेन. तिने बेटांचा क्रम बदलला, दुपारच्या ठिकाणी सकाळ केली, डासांचं बेट काढून टाकलं. शेवटी ती आठव्या रात्रीच्या चौकटीवर बराच वेळ पेन धरून बसली.

शनिवारी उजाडता उजाडता बांका तयार होती. तोमासाने सॅक स्वतः उचलून दिली आणि वर शिव्याही दिल्या. "यात काय दगड भरलेत का? आणि टोपी घाल, नाहीतर परत जाशील तेव्हा वाळलेला मासा दिसशील. म्हातारीला सांग मी पाठवलंय, भात जास्त घालेल. भांडी घासायला लागलीस तर ती तुझे हात मोडेल, तिला तसा निरोप गेलाय."

"नानाय, तूपण चल ना."

"मी? वाळूत झोपायला? मला काय वेड लागलंय?"

दिविना पुढच्या फळीवर बसली. पाठ मागे टेकून, पाय पसरून. तोमासाने तोंड फिरवून टेबलावरची धूळ झटकली.

कुलासने दोरी सोडली आणि विचारलं, "मग मानांग, कागदाप्रमाणे गुरुवारी हिला घरी आणून सोडू ना?"

"घरी कशाला?" तोमासा त्याच्यावर खेकसली. "सुट्टीवर आलीय ती."