ओकची फळी आणि अर्धं डुक्कर

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या बाजारातल्या खाटकाने अर्धं डुक्कर गुंडाळून देताना तिथल्या धाटणीत विचारलं, "पार्टी आह, मिस?" माझी बायको म्हणाली, "हो." खरं सांगायला वेळ लागला असता.

ती विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची कंत्राटी संशोधक आहे. लाकूड कसं तुटतं हा तिचा विषय. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच आरमारं चार दिवस एकमेकांवर तोफा डागत होती. त्यात गोळ्यांपेक्षा जहाजाच्या उडालेल्या ढलप्यांनी जास्त खलाशी मेले, असं तिचं म्हणणं. तिच्या प्राध्यापकांना ते पटत नव्हतं. तसंच राहिलं, तर महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपणार होतं आणि आम्हाला सिंगापूर सोडावं लागणार होतं.

प्रयोगासाठी ओकच्या, म्हणजे त्या जहाजांच्याच लाकडाच्या, फळ्या दोनच उरल्या होत्या. पूर्वी मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो, म्हणून फोटो आणि नोंदी माझ्याकडे. प्राध्यापक, ती आणि मी, तिघं जाड काचेमागे उभे राहिलो.

पहिल्यांदा हवेची तोफ पूर्ण दाबावर उडवली. फळीला गोल भोक पडलं, मागे खलाशाच्या जागी टांगलेल्या डुकराच्या बरगड्यांनाही. बाकी ओरखडा नाही.

"ढलपे कुठे आहेत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"सर, दाब निम्मा करते. लांबून येणारा गोळा दमलेला असायचा. तो भोक पाडत नाही, फाडतो."

"करा. शेवटची फळी आहे."

या वेळी फळी मागच्या अंगाने फुटली. हातभर ढलपा मानेत शिरून खांद्याखालून बाहेर आला. दुसऱ्याने पोटाची कड फाडली. मांडी हाडापासून सुटून लोंबू लागली. डोळ्याच्या खोबणीत एक काटकी उभी होती. काचेवर उडालेली चरबी हळूहळू खाली घसरत होती. गोळा फळीपाशीच पडला होता, डुकरापर्यंत पोचलाही नव्हता.

"एका माणसाची ही गत?" प्राध्यापक म्हणाले.

"एकटा नसायचा, सर. तोफेभोवती खांद्याला खांदा लावून उभे असायचे."

ते काचेकडे बघतच म्हणाले, "पेपर लिहा. वर्षभराची मुदतवाढ मी मागतो."

मग आम्ही पकडीने ढलपे उपसले. मानेतला निघेना. तिने बरगड्यांवर पाय रोवला.

"अरे, फोटो पुरे. धर इकडे."

रात्री पेपरातल्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'लक्ष्याची हानी'.

"मान, पोट, मांडी असं लिही," मी म्हणालो.

"पोलीस बातमी वाटेल."

"मग काय आहे?"

तिने ओळ खोडून 'मान, पोट, मांडी' लिहिलं. पुढच्या आठवड्यात नव्या फळ्या आल्यावर खाटकाकडे तिने तीन डुकरं सांगितली, शेजारी शेजारी टांगायला.