घडीची खोप

धाकटा भाऊ मांड्यांपर्यंत चिखलात रुतलाय, दोन्ही हातांनी तडफडणारा कटला मासा छातीशी धरलाय आणि तोंड उघडं आहे, असा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी तो अजून पुसलेला नाही. मन खट्टू झालं की काढून बघतो आणि मला बरं वाटतं. हे सांगायची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही, आणि मला मात्र गळ टाकायचा नाद. मासा मी खात नाही, त्याचा वासही मला सोसत नाही. पण दोरीला बांधलेलं बूच पाण्यावर दोनदा थरथरतं आणि एकदम खाली जातं, त्या घटकेसाठी मी सहा दिवस वेल्डिंगच्या धुरात काढू शकतो. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. रविवारी घरी सांगायचं, कुंभारीला खिडक्यांची मापं घ्यायला जातो, आणि गाडी बरोबर उलट्या दिशेला, हिप्परग्याच्या तलावाकडं घालायची. सापडलेला मासा काठावरच्या म्हाताऱ्या कोळ्याला द्यायचा, हात राखेनं घासायचे आणि जेवणाच्या वेळेला घरी. अशी सहा वर्षं बिनबोभाट गेली.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक रीत होती. आई गेल्यापासून संध्याकाळी माझी बायको वाढायची आणि ते आणि मी समोरासमोर जेवायला बसायचो. भाकरीचा पहिला तुकडा मोडायचा, तो शेंगाचटणीला लावायचा आणि माझ्या ताटात ठेवायचा, मग स्वतः सुरुवात करायची. मी पन्नाशी ओलांडली तरी हे चालू होतं. दिवसभरात आमच्यात दुसरं फारसं बोलणं होत नसे, आणि त्याची गरजही नव्हती.

भाऊ आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. लहानपणापासून माझ्या हातात जे दिसेल ते त्याला हवं असायचं. माझा भोवरा, माझी सायकल, पुढं माझ्या लग्नातलं घड्याळसुद्धा. दोन वर्षांपूर्वी तुळजापूर रस्त्यानं येताना त्यानं मला तलावाच्या काठी पाहिलं. हाक मारली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानं लांबूनच, मी मासा हातात धरलेला असताना, माझा फोटो काढला आणि घरी येऊन तो अप्पांच्या पुढं धरला.  दुसऱ्या दिवशी अप्पा आपलं ताट आणि तांब्या घेऊन जिना चढून वर जेवायला गेले.

मी खाली एकटा जेवायला लागलो. वरून ताट सरकवल्याचा आवाज यायचा, आणि पहिला तुकडा आता कुणाच्या ताटात पडतोय हे मला कळायचं. मी अप्पांपुढं दोनदा गेलो, मासा खाल्ला नाही म्हणून शपथ घेतली. त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. त्या दिवशी मी ठरवलं की, हा जिना भावालाही उतरायला लावायचा. अप्पांच्या समोरून तोही उठला पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

उन्हाळ्यात हिप्परग्याचं पाणी रोज थोडं मागं सरतं. काठ सोडून आत जावं लागतं, आणि आत डोक्यावर झाड नाही. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, म्हणजे बूच बघता बघता डोळ्यांपुढं काजवे. म्हणून पाण्यामागं नेता येईल अशी खोप करायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. तीच मी आता अंगणात, भावाच्या खिडकीखाली, सगळ्यांच्या देखत करायला घेतली. एक इंची चौकोनी पाइपचे चार सांगाडे केले, ते बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडले, दप्तरासारखे मिटतील असे. भिंतींना ओळखीच्या कारखान्यातल्या डाग पडलेल्या चादरी, वर ताडपत्री. खाली प्लायची जाड फळी आणि फळीला पुढून वर वळवलेल्या दोन पाइपा, म्हणजे चिखलावरून ओढली की घसरत जावी. पुढच्या चादरीला गळापुरती खिडकी. आत अंधार असला की पाण्यातलं बूच लख्ख दिसतं. चादरी भिजवल्या की आत थंडगार. खरं सांगतो, इतकं मनापासून काम मी गिऱ्हाइकाचं कधी केलं नाही. सुडाचं काम होतं, त्यामुळे एकही टाका कच्चा राहिला नाही.

चौथ्या दिवशी भाऊ जिना उतरून आला. चादर चाचपली, बिजागरी उघडून मिटून पाहिली, आत बसून पाहिलं. मी पाइप घासत राहिलो. तो म्हणाला, एकदा नुसतं बसायला येतो, गळाला हात लावणार नाही. मी म्हटलं, ये की. जाताना पायरीवर थांबून तो हळू आवाजात म्हणाला, "फकस्त अप्पास्नी सांगू नगंस."

मी बरं म्हणालो.

तलावाचा गाळ वरून वाळतो. पापुद्रा असा कडक होतो की त्यावर सायकल चालवावी वाटते, आणि खाली पातळ चिखल तसाच असतो. म्हाताऱ्या कोळ्यानं मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं: शेळ्यांच्या लेंड्या दिसतील तिथवरच जायचं. लेंड्या संपल्या की माणसानं थांबायचं. नवी माणसं भेगा बघतात, भेगा पडल्या म्हणजे वाळलं असं समजतात, आणि फसतात. भावाला मी हे सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. ऐन लेंड्या संपतात तिथं मी खोप उभी केली आणि पुढची, खिडकीजवळची जागा त्याला दिली.

मासे जमावेत म्हणून शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा मी दोन दिवस आधीच समोरच्या पाण्यात टाकून ठेवला होता. तासाभरातच बूच गेलं. गळाला हात न लावणाऱ्या माणसानं माझ्या हातातून काठी हिसकावून घेतली. चांगला मोठा कटला होता. दोरी ताणली तसा हा चादर वर करून बाहेर पडला, चार पावलं पुढं धावला, मासा हातात घेतला, हसत माझ्याकडं वळला आणि पायाखालचा पापुद्रा फुटला.

आधी गुडघे गेले, मग मांड्या. त्याला मासा सोडायचं सुचेना. तो मला हाका मारत होता. मी फळीवर बसून मोबाइल काढला आणि सावकाश चार फोटो काढले. मग खोप मिटवली, फळी त्याच्याकडं सरकवली आणि त्याला पोटावर ओढून बाहेर काढलं. घरी येईपर्यंत तो पायांवरचा चिखल खरवडत होता. मला वाटेत गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा गॅलरीत एकटे होते. मी वर गेलो आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुमी रोज ज्याला घास देता, त्याच्या हातात काय हाय ते बघा. अप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर माशाची किळस शोधत होतो. त्यांचं बोट माशावर नव्हतंच, भावाच्या मांडीपाशी, चिखलावर होतं.

"हे कुणी काढलं?"

मी म्हटलं, मीच.

"त्यो रुतत हुता, आन् तू फोटू काढत हुतास?"

मी खोल नव्हतं म्हणालो, लगेच ओढलं म्हणालो. त्यांनी मोबाइल परत दिला. मग ते म्हणाले की, मागच्या फोटोत तू हसत होतास, ते बघून मला तुझ्या खोटं बोलण्याचाच राग आला होता. ह्यात हसणारा दिसत नाही, पण तो मोबाइलमागं कुठं बसला होता ते कळतं.

त्याच संध्याकाळी अप्पा आपलं ताट घेऊन जिना उतरले. मला वाटलं, जिंकलो. बायकोनं माझ्या समोर त्यांचा पाट मांडला. अप्पांनी तो उचलला, बाहेरच्या खोलीत नेला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. तेव्हापासून ते तिथंच जेवतात, वर नाही आणि माझ्यासमोरही नाही. भाऊ वर एकटा जेवतो, मी खाली. मला हवं होतं ते पुरतं मिळालं.

खोप दुकानाच्या मागं मिटवून ठेवली आहे, चादरींवरचा गाळ तसाच वाळलाय. अप्पा अजूनही भाकरीचा पहिला तुकडा मोडतात, चटणीला लावतात आणि ताटाच्या कडेला ठेवतात. जेवण होतं, तुकडा तिथंच राहतो. सकाळी माझी बायको तो अंगणात चिमण्यांना टाकते.