रामोनबाबांचे सहा गोल

सगळ्यात आधी घरात आला तो मेलेला माणूस.

म्हणजे फोटोतला. त्याच्या मागून एल्साचा वॉकर, मग स्वतः एल्सा, आणि शेवटी तिची लेक ग्लोरिया, हातात झाकलेला ट्रे घेऊन.

एल्सा आमच्या इथलीच, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये तीन घरं सोडून राहते. नव्वदीची आहे. मूळची चिली देशातली. तिचं इंग्लिश माझ्याइतकंच, म्हणून आमचं छान जमतं.

परवा वॉकला म्हणाली, "रविवारी माझ्या पप्पांचा दिवस. त्या दिवशी गेले ते."

मी म्हटलं, मग एकटी काय बसतेस? फोटो घेऊन ये. खीर-पुरी करते.

फोटो बघते तर त्यात अकरा जण! सगळे मिशीवाले, सगळे एकसारखे.

आता एल्साचे पप्पा शंभर वर्षांपूर्वीचे मोठे गोलकीपर, एवढं मला माहीत होतं. आणि फुटबॉलमध्ये बॉल हातात धरायची परवानगी फक्त गोलकीपरला, हे मला नातीच्या मॅच बघून बघून पाठ झालंय. मधल्या माणसाच्या हातात बॉल होता.

झालं. लावलं त्याला गंध, काचेवर, बरोबर कपाळावर. हार घातला, त्याचं तोंड नीट दिसेल असा. हात जोडले.

एल्सा बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ग्लोरियाला पाणी आणावं लागलं.

"हा नाही! हा फॉरवर्ड! याचं आणि पप्पांचं कधी पटलं नाही!"

पप्पा होते मागच्या रांगेत, कडेला, टोपी घातलेले. नेमके माझ्या हाराखाली झाकले गेलेले.

मी म्हटलं, घ्या! भलत्यालाच पुजून बसले.

गंध पुसलं, योग्य कपाळी लावलं. ग्लोरियाच्या ट्रेमध्ये करंज्यांसारखं काहीतरी होतं, पण आत खिमा. मी दोन खाल्ल्या. खिरीबरोबर. काय बिघडलं?

तर हे सगळं मला मराठीत कोण सांगत होतं? माझी नात, सानिका. एल्सा रंगात आली की स्पॅनिशमध्ये शिरते, आणि सानिका शाळेत स्पॅनिश शिकते. मी हाक मारली म्हणून नाइलाजाने खाली आली होती.

पोरगी तीन दिवस धड बोलत नव्हती. मॅचमध्ये पाच गोल खाल्ले, घरी आली आणि ग्लोव्ह्ज गराजमधल्या डोनेशनच्या पिशवीत टाकले. शनिवारी टीमचे ट्रायआउट आहेत, म्हणजे टीमची निवड.

"आय ॲम डन, आजी. मी जाणार नाही."

नऊ वर्षांची असल्यापासून गोलमध्ये उभी राहते हो ती. दुसरं काही तिला सुचत नाही. पण आईबाप काही बोलले की दार बंद.

आणि इकडे एल्सा सांगत होती. रामोन तिच्या पप्पांचं नाव. बंदरावर कामाला होते, बोटीवरून फेकलेली गाठोडी झेलायचे. एकदा टीमचा गोलकीपर आजारी पडला. कुणीतरी म्हणालं, हा झेलतो बरं, याला उभा करा.

हातात ग्लोव्ह्ज नाहीत. गोलला जाळी नाही.

पहिल्याच मॅचला सहा गोल!

आणि जाळी नाही म्हणजे बॉल उतारावरून पार खाली. त्यांच्यात पद्धत अशी, की गोल खाल्ला त्यानेच बॉल आणायचा. पळत.

सहा गोल, सहा चकरा.

त्या चकरांतून म्हणे रामोनबाबा पळायला लागले. मग शर्यती जिंकले, अडथळ्यांच्यासुद्धा. लांब उडी मारली. होड्यांच्या स्पर्धेत वल्ही मारली. आणि गोलमध्ये उभे राहून थेट देशाच्या टीममध्ये गेले, आगबोटीत बसून परदेशी खेळून आले. बोटं तीनदा मोडली. म्हातारपणी बंदरावरच्या पोरांना पोहायला शिकवायचे.

"पप्पा म्हणायचे," एल्सा म्हणाली, "सगळे गोल अडवले असते तर मला पळायला कोणी शिकवलं असतं?"

हे मला सांगता सांगता सानिका थांबली. मग तिने स्वतःच एल्साला विचारलं, "दुसऱ्या मॅचला किती खाल्ले?"

"चार."

"आणि तिसऱ्या?"

"पाच."

"वेट. वाढले?"

"वाढले!" एल्सा म्हणाली. "चौथ्या मॅचला एकच. तोही याच्या चुकीमुळे." आणि तिने काचेवर त्या फॉरवर्डच्या नाकावर टिचकी मारली.

तीन दिवसांनी माझी नात खळखळून हसली. मी खीर वाढायच्या निमित्ताने आत गेले, डोळे पुसायला.

निघताना एल्साने, वॉकला मी सांगितलेलं लक्षात ठेवून, दारात विचारलं, ट्रायआउट कधी?

 सानिका स्पॅनिशमध्ये म्हणाली, शनिवारी.

संध्याकाळी मी कांदे आणायला गराजमध्ये गेले. डोनेशनची पिशवी तिथेच होती. ग्लोव्ह्ज नव्हते.

 कांदे घेऊन आले.

रामोनबाबा, मी चौथी शिकलेली बाई. तुमचा हार आधी दुसऱ्याला घातला, रागावू नका. तुमच्या टोपीला आणि त्या मोडक्या बोटांना माझा मनापासून नमस्कार.

एल्सा आणि ग्लोरिया शनिवारी सकाळी नऊला परत येणार आहेत. मैदानावर मांडायच्या फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन.