सर्व लोकांस मोकळी बाग

आमच्या यांना काचबिंदू आहे. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर होत गेलं, आणि आता समोरचा माणूस यांना आवाजावरून कळतो. रस्त्यावर मी हात धरते आणि हात धरला की यांचं तोंड वाकडं होतं. चारचौघांत बायकोच्या आधाराने चालणं यांना मानवत नाही. बागेत मात्र तसं नव्हतं. कॅनॉल रोडवरून आत वळलं की जुन्या सरदारांची बाग लागायची. तिच्या फाटकापाशी हे स्वतःच हात सोडवून घ्यायचे आणि एकटे फेरीला निघायचे. मी बाकावर पाठ फिरवून बसायचे, कारण आपल्याकडे कोणी बघतंय हे यांना दिसत नसलं तरी कळतं.

फेरी पायाखालची होती. हौदाजवळ अंगाला गारवा लागायचा, आमराईखाली पाचोळा वाजायचा, बकुळीचा वास आला की डावीकडे उतार. रोजच्या दिवसात तेवढाच वेळ यांना कोणाची गरज लागत नसे. घरी आल्यावर चहा मागतानाचा आवाजसुद्धा वेगळा असायचा. मलाही तेवढीच उसंत. सांभाळणाऱ्या माणसालाही थकवा येतो, पण ते कोणी विचारत नाही.

बाग फार जुनी. सरदारांच्या वंशजांनी ती कधीतरी गावाला देऊन टाकली आणि फाटकाच्या दगडी खांबावर कोरून ठेवलं, 'ही बाग सर्व लोकांस मोकळी असे.' त्या खांबाच्या शेजारी आमच्या मंडळाच्या पाट्या होत्या. मंडळ म्हणजे सकाळी फिरायला येणारे आम्ही निवृत्त लोक. बागेवर आमचा भारी जीव, आणि पुण्यात एखाद्या गोष्टीवर जीव असला की पहिलं काम म्हणजे तिथे पाटी लावायची. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, अक्षर सुरेख, तेव्हा डोळेही चांगले होते. त्यामुळे पाट्या रंगवायचं काम आपोआप यांच्याकडे आलं. 'गवतावर बसू नये. बसण्यासाठी आपल्या घरी जागा असेलच.' 'मुलांनी चेंडू आणू नये. मोठ्यांनी चेंडू खेळणारी मुले आणू नयेत.' 'फोनवरील घरगुती भांडणे घरीच करावीत.' येणारे-जाणारे फोटो काढायचे आणि आम्हाला कोण कौतुक वाटायचं.

पाट्यांच्या मागोमाग बाकीचंही आलं. झोपाळे करकरतात म्हणून मंडळाने अर्ज केला, झोपाळे गेले. कोपऱ्यातल्या बाकांवर जोडपी बसतात म्हणून बाक गेले. कॉलेजच्या मुली सावलीत वह्या पसरून अभ्यास करायच्या. त्यांच्यामुळे कचरा होतो असं ठरलं, आणि त्याही यायच्या बंद झाल्या. रविवारी वऱ्हाडाकडून पुण्यात कामाला आलेली कुटुंबं डबे घेऊन यायची. डब्यांवर वेगळी पाटी निघाली. शेवटी दुपारी फाटकाला कुलूप घालायची मागणी मान्य झाली तेव्हा मंडळाने पेढे वाटले. दुपारी बागेत येतं कोण, असं आमचं म्हणणं. आता कुलूप म्हटल्यावर कोण येणार होतं?

मग वर्तमानपत्रात बातमी आली. बागेची जागा विकायचा ठराव पालिकेपुढे आला होता. वापर फारसा नाही, देखभाल परवडत नाही, असं कारण होतं. मंडळाच्या तोंडचं पाणी पळालं. बातमी मी यांना वाचून दाखवली. त्या दिवशी फेरीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी पाठमोरी बसून एकच विचार करत होते. या वयात यांना दुसरी बाग पाठ कशी होणार?

सुनावणीला आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून गेलो. अधिकारी बाई तरुण होत्या, आवाज न चढवता बोलत होत्या. मंडळाच्या अध्यक्षांनी बागेचा इतिहास सांगितला, हौदाचा, आमराईचा, सरदारांच्या दानाचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग भिंतीवरच्या पडद्यावर फोटो लावले. सकाळची बाग, दुपारची, संध्याकाळची. सकाळी आम्ही तेवढे होतो. बाकी नुसती झाडं. पुढच्या फोटोत पाट्या होत्या.

"या आपल्याच मंडळाच्या ना?" बाईंनी विचारलं.

"आम्ही बाग राखली, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर उकिरडा झाला असता."

"राखलीत, नाही म्हणत नाही मी. पण कोणासाठी?"

अध्यक्ष समोरचे कागद चाळायला लागले. हे माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय दाखवतायत?"

"तुमच्या पाट्या."

"अक्षर नीट आलंय का फोटोत?"

हसावं की रडावं ते मला कळेना. मी उठून सांगणार होते, की मॅडम, बाकीचं सोडा, हा माणूस या शहरात एवढ्याच एका जागी एकटा चालू शकतो. तेवढं सांगितलं असतं तर कदाचित कोणाला तरी पाझर फुटला असता. पण यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "दयेचा अर्ज करायचा नाही," म्हणाले, आणि टेबलाला धरून स्वतःच उभे राहिले. "पाट्या मी रंगवल्यात. उद्या काढून टाकतो. माणसं येतील."

"काका," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटतं, "आता उशीर झालाय."

ठराव मंजूर झाला. आमची दमलेली मंडळी कोर्टात जायच्या गोष्टी करत राहिली आणि मग तेही कोणी बोलेना. यांनी मात्र पक्कड घेतली आणि एकेक पाटी चाचपून, खिळे उपटून खाली काढली. मी नुसती धरायला होते. जागा जाणारच म्हटल्यावर दुपारचं कुलूप लावायचा रखवालदारालाही कंटाळा आला. आणि बघता बघता बाग भरली. कोण कुठून आलं कोण जाणे. पोरं चेंडू घेऊन आली, पलीकडच्या बांधकामावरच्या बाया लेकरं घेऊन सावलीत बसल्या, मुलींनी पुन्हा वह्या पसरल्या.

अशाच एका संध्याकाळी मी बाकावर बसले असताना मागून यांची हाक आली. "अगं, कुठेयस?" त्या बागेत यांनी मला कधी हाक मारली नव्हती. वळून पाहिलं तर हे वाटेच्या मधोमध उभे. पायात कोणाची तरी पिशवी आडवी आली होती, शेजारून पोरं पळत होती, आणि कुठल्या बाजूला जायचं ते यांना उमगत नव्हतं. मी धावत जाऊन हात धरला.

"एवढी माणसं आधी असती तर बाग राहिली असती," हे म्हणाले.

"हो."

"पण मग मी कुठे फिरलो असतो?"

मी पायातली पिशवी बाजूला सारली आणि यांना वाटेच्या कडेला घेतलं.

आता बागेभोवती पत्रे उभे आहेत. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो, गाड्यांच्या कडेने, माझा हात धरून. मी थकते. हेही थकतात, पण बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात चेअरमन आले. पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात, गाड्यांना चेंडू लागतो, म्हणून पाटी लावायची होती.

"तुमच्या पाट्यांची सर कशाला येणार, सर," चेअरमन म्हणाले. "रंगवून आम्ही घेऊ. मजकूर तेवढा सांगा, चांगला झणझणीत."

हे म्हणाले, "लिहा. ही जागा सर्व लोकांस मोकळी असे."

चेअरमनना ती थट्टा वाटली. ते हसले आणि उद्या परत येतो म्हणून गेले. मागे पोरांचा खेळ चालू होता, चेंडू भिंतीवर आपटत होता. आमची फेरी अजून अर्धी बाकी होती. यांनी हवेत हात फिरवून आपणहून माझा हात शोधला.

"चल वर," म्हणाले. "पोरं खेळतायत. आपण मध्ये नको."