इराप्पाच्या तेलातलं पाणी

चहा येईपर्यंत एक सांगून टाकतो. हसायचं तर खुशाल हसा. पण शेवटी हसू नाही आलं तर मला बोल लावू नका. एवढा मोठा शहाणपणा मी जन्मात एकदाच केला, आणि तोही निपाणीत, भर बाजाराच्या दिवशी!

मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. होतो म्हणा, आता निवृत्त. सगळा जन्म लॅक्टोमीटर बुडवण्यात गेला. म्हणजे ती काचेची नळी हो, दुधात सोडतात ती. दूध चांगलं असलं की वर तरंगते, पाणी मारलेलं असलं की खाली जाते. मी तिला काटा म्हणतो. काटा बाहेर काढला की भल्याभल्यांचे चेहरे पडायचे. घरात आमटी पातळ झाली तरी मी बायकोकडं संशयानं बघणार! घट्ट ते खरं आणि पातळ ते खोटं, एवढ्यावर माझा संसार झाला.

आता इराप्पा कोण ते सांगतो. माझा बालमित्र. एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. गावात त्याच्या दोन म्हशी, आणि निपाणीत स्टँडजवळ गाड्यांच्या तेलाचं दुकान. गावात मला सगळे सेक्रेटरी म्हणतात, कुणी आप्पा म्हणतात. ‘सद्या’ म्हणणारा तो एकटाच उरला होता. या वयात आपल्याला अरे-तुरे करणारं कुणी असणं ही काय चीज असते, ते तुम्हाला अजून कळायचं नाही. मला तरी कुठं कळलं होतं?

तर, मुलानं मला नवी गाडी घेऊन दिली. छोटी, पेट्रोलची. चालू आहे की बंद, ते कान लावून बघावं लागतं. तिचं तेल बदलायची वेळ आली म्हणून मी इराप्पाच्या दुकानात गेलो. त्यानं डबा दिला. शेजारच्या गॅरेजवाल्यानं जुनं तेल काढलं, आणि मी आपल्या हातानं सील फोडून नवं ओतायला घेतलं.

ओतलं आणि चटकन डबा सरळ केला! अहो, तेल कसलं, नुसतं पाणी! पूर्वी सोसायटीच्या जीपला आम्ही वीस-पन्नास नंबरचं तेल घालायचो. काकवीसारखं पडायचं, डबा उलटा धरून विडी ओढून व्हायची. आणि हे? भर्रकन आत!

दुसरा कुणी असता तर विचारलं असतं. मी विचारणाऱ्यांतला नाही, मी तपासणाऱ्यांतला. काटा गाडीत असतोच, सवय जात नाही. इराप्पाच्या दुकानातला पाणी प्यायचा उंच ग्लास उचलला, त्यात तेल ओतलं आणि काटा सोडला.

टक्कन तळाला! पाण्यातसुद्धा माझा काटा कधी इतका बुडाला नव्हता.

"इराप्पा! तेलात पाणी मारतोस?"

"काय बोलतोस रं सद्या? सीलपॅक डबा हाय. तूच फोडलास न्हवं आता?"

"मग काटा का बुडाला?"

"आरं, ती दुधाची नळी. तेलात कशाला घालतोस? तुझ्या गाडीला पातळच लागतंय. तेल वतायच्या झाकणावर लिवलंय बघ, झिरो-ट्वेंटी."

झाकण माझ्या डाव्या हातात होतं. बघितलं का मी? छे! मी गर्दीकडं बघितलं. तोवर बाजारातली माणसं जमली होती, तंबाखूच्या वखारीतल्या बायका होत्या, दोन-चार टेम्पोवाले होते.

"ऐका मंडळी! ह्यो सवताच सांगतोय, झिरो हाय म्हणून!"

लोक खो-खो हसले. लोक हसले की मला अजून चेव येतो, हा माझा जुना रोग. इराप्पा तेवढा हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "सद्या, आवाज बारीक कर रं. बाजार हाय."

तिथं थांबायला हवं होतं. अजून वाटतं, तिथं जरी थांबलो असतो! पण मी ग्लास वर धरून एकेकाला काटा दाखवत सुटलो, आणि वर म्हणालो, "इतकी वर्सं दुधातले चोर धरले, आज तेलातला घावला!"

चोर. हा शब्द मी वापरला. इराप्पाला.

आत गेलेलं तेलही मी परत काढायला लावलं. समोरच्या दुकानातनं वीस-पन्नासचा डबा आणून त्याच्या डोळ्यांदेखत भरला. इराप्पा फडकं घेऊन पुसलेलेच डबे पुन्हा पुसत राहिला.

पुढं गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळच्या गारठ्यात चालू केली की म्हातारा खाकरल्यासारखी खडखडायची. ओढ गेली. पेट्रोल तर घटाघटा प्यायला लागली. मी गावभर काय सांगावं? "इराप्पाच्या तेलाचे चार थेंब आत ऱ्हायलेत, त्येचा गुण हाय ह्यो!" आणि लोक माना डोलवायचे हो! सेक्रेटरी सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

शेवटी बेळगावला निघालो, तर तवंदीच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर मला मागं टाकून गेला. वर त्याच्या ड्रायव्हरनं ‘येताय का मागनं बांधून’ असा हातही केला.

बेळगावच्या वर्कशॉपमधल्या पोरगेल्या साहेबानं तेलाची पट्टी ओढून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यार हाक्यार्री इदन्न?" म्हणजे, कुणी घातलं हे?

"गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो. खोटं बोलायलाही मला वेळ लागला नाही.

त्यानं मग मराठीत समजावलं. पहिला आकडा गार इंजिनासाठी, जितका कमी तितकं तेल गारठ्यात लवकर पळतं. दुसरा तापल्यानंतरच्या घट्टपणाचा. नव्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक, घट्ट तेल तिथवर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. "झाकणावर लिहिलेलं असतं की अंकल!"

इराप्पाचंच वाक्य. तेही फुकट सांगितलेलं.

तरी मोडेन पण वाकणार नाही! घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "त्याचं काय खरं हाय? काटा बुडाला त्ये खोटं का?"

ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्या घट्टात बी टाका की."

वीस-पन्नासचं उरलेलं तेल होतंच. काटा सोडला. सावकाश गेला, तालेवारासारखा गेला, पण गेला तळालाच.

"आता शेंगतेलात टाका."

तळाला.

"खोबरेल देऊ?"

तेही तळाला! अहो, तेल पाण्याहून हलकं, पाण्यावर तरंगतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. हलक्यात काटा खाली जातो, म्हणजे दुधाचा काटा कुठल्याही तेलात बुडणारच. त्याचा घट्ट-पातळशी संबंधच नाही. बायकोनं शेंगांची टरफलं पाटीत भरली आणि म्हणाली, "म्हंजे सगळ्या जगानं पाणी मारलंय म्हणायचं. एकटं तुमीच काय ते निर्मळ!"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरंच नाही गेलं.

पुढच्या बाजारी मी त्याच जागी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "मंडळी, माझं चुकलं! इराप्पाचं तेल चोख हाय!"

एक टेम्पोवाला हसून म्हणाला, "मिटवलं वाटतं आपसात!" दुसरा म्हणाला, "सेक्रेटरी, तुमचा हिस्सा किती?" आणि हातातला डबा परत ठेवून समोरच्या दुकानात गेला. चोर म्हटलेलं एका दमात पटलं होतं, आणि चोख म्हटलेलं घसा बसला तरी पटेना. बूंद से गयी वो हौद से नहीं आती म्हणतात, ते हेच.

मी दुकानाची पायरी चढलो. इराप्पानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सद्या, इतकी वर्सं तुझ्या डेरीला दूध घातलं. तू काटा बुडवायचास आन् म्हणायचास, इराप्पा, आज दूध हलकं हाय. मी कवा इचारलं, काटा बरुबर हाय का म्हणून?"

मी मान हलवली. कधीच नाही.

"का इचारू? काटा काय बघायचाय? तू हुतास न्हवं तिथं."

तो मला शेवटचा सद्या म्हणाला, ते तेव्हा.

आता मी गेलो की तो उठून उभा राहतो! खुर्ची देतो! "या सेक्रेटरी, बसा. तब्येत बरी हाय न्हवं?" शिवी देणं तर सोडाच, साधं ‘रं’ नाही. एकदा मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, "इराप्पा, वीस-पन्नासचं दे. घट्टातलं!" वाटलं, आता तरी भडकेल, आता तरी म्हणेल, आरं गाढवा, तुला अक्कल हाय का न्हाय?

त्याचे ओठ हलले. खरंच हलले, मी बघितलं. पण नाही. त्यानं शांतपणे झिरो-ट्वेंटीचा डबा काढून पुढं ठेवला. शेजारी तोच उंच ग्लास ठेवला, लखलखीत घासलेला.

"घ्या, सेक्रेटरी. तपासून घ्या तुमी."

अजून दर खेपेला ठेवतो. आणि मी, हलकं काय नि भारी काय ते एका नजरेत ओळखणारा माणूस, डबा काखेत मारून, ग्लासाकडं न बघता पायरी उतरतो.